बॅग आली नाही, कार्डाचा नंबर मात्र दुकानाकडेच राहिला

रानजाई
एका ऑनलाइन दुकानातून चाकांची प्रवासी बॅग मागवली. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण वाद अजून चालू आहे. पैसे क्रेडिट कार्डाने भरले. सांगितलेली तारीख उलटून गेली तरी बॅगेचा पत्ता नाही. मेल केली की दुसऱ्या दिवशी गोडगोड उत्तर: आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत, कृपया थोडी कळ काढा. मग अचानक ट्रॅकिंगवर "पोहोचवले" असं उमटलं. घरी कुणी आलेलं नाही, शेजारीपाजारी विचारून झालं. तसं कळवल्यावर दुकान म्हणतं, आमच्या नोंदीनुसार पार्सल पोहोचलंय, तरीही सदिच्छा म्हणून २० टक्के परत देतो. नाही म्हटलं तर ३० टक्के.

हे चालू असतानाच त्या कार्डावर एक अगदी किरकोळ रकमेचा व्यवहार दिसला. समोरचं नाव कधी ऐकलेलंसुद्धा नाही. आणि आज दुकानाची मेल आलीय की परताव्याआधी "पडताळणीसाठी" कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा.

फोटो पाठवणार नाही, तेवढं कळतं. पण कार्ड बंद केलं तर परतावा येणार कुठे? आणि बँकेत तक्रार नक्की काय म्हणून नोंदवायची? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा प्लीज.

शेवटचा_बाक
मी पयला! आता धागा वाचतो.

कडूनिंब
रानजाई, बरीच वर्षं बँकेत कार्डाच्या तक्रारींच्या टेबलावर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर.

तुमची भांडणं दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. बॅगेचे पैसे हे एक. तो व्यवहार तुम्ही स्वतः केलात, माल मिळाला नाही. दुसरा तो किरकोळ व्यवहार, जो तुम्ही केलेलाच नाही. पहिल्याला बँकेत डिस्प्यूट म्हणतात, दुसऱ्याला फ्रॉड. फोनवर घाईघाईत "माझी फसवणूक झाली" असं सांगितलंत की समोरचा दोन्ही व्यवहार फ्रॉडमध्ये टाकून मोकळा होतो. मग दुकान दाखवतं की बाई, हा तुमचाच पत्ता, तुमचाच ईमेल, पैसे भरताना कोडही तुम्हीच टाकलात. बॅगेची केस तिथेच झोपते.

व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत या कारणांना वेगवेगळे क्रमांक आहेत. माल मिळाला नाही तर १३.१, माल सांगितल्यासारखा नाही किंवा सदोष निघाला तर १३.३, आणि कार्ड समोर नसताना झालेली अफरातफर असेल तर १०.४. तुम्हाला क्रमांक पाठ करायची गरज नाही, पण फॉर्मवर योग्य चौकटीत खूण झाली की नाही ते बघा.

कार्ड मात्र आजच, आत्ताच ब्लॉक करा. तो छोटा व्यवहार म्हणजे बहुतेक चाचणी आहे. चोरलेला नंबर चालू आहे का हे बघायला आधी चिल्लर रक्कम काढतात, ती बिनबोभाट गेली की मोठा हात मारतात. नंबर बदलला तरी जुन्या नंबरावर आलेला परतावा सहसा तुमच्या खात्यालाच लागतो, कारण खातं तेच असतं. परताव्याच्या आशेने नंबर फुटलेलं कार्ड चालू ठेवणं हा सगळ्यात महाग सौदा.

फटकळ
ओटीपीशिवाय पैसे जातातच कसे? ओटीपी कुणालातरी सांगितला असणार. उगाच दुकानाला शिव्या.

तिरपागडा
फटकळ, प्रत्येक व्यवहाराला ओटीपी लागतो हा समज सोडून द्या. तो लागतो की नाही हे दुकान, त्यांची बँक आणि तुमची बँक मिळून ठरतं. बऱ्याच देशांतली दुकानं नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे घेऊन पैसे कापतात. काही तर तेवढंही विचारत नाहीत, कारण एकदा साठवलेल्या कार्डावरून पुढची रक्कम मागताना मागचे तीन आकडे लागतच नाहीत. नाहीतर दर महिन्याची वर्गणी कापली कशी गेली असती?

गंमत म्हणजे ते तीन आकडे व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायलाच बंदी आहे. कार्ड कंपन्यांनी मिळून केलेलं पीसीआय डीएसएस नावाचं सुरक्षेचं मानक आहे, पहिली आवृत्ती २००४ची. त्यात हे स्पष्ट आहे: दुकान नंबर साठवू शकतं (सुरक्षित करून), सीव्हीव्ही म्हणजे ते तीन आकडे मात्र नाही, एनक्रिप्ट (सांकेतिक) करूनसुद्धा नाही. म्हणजे मेलवर कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो मागणारं दुकान एकतर अडाणी आहे किंवा चोर. परताव्यासाठी त्यांना कार्ड बघायची गरजच नसते. मूळ व्यवहार उघडायचा, रिफंडचं बटण दाबायचं, संपलं.

फटकळ
बरं. ओटीपीचं माहीत नव्हतं. तरी बाईंनी साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह होतं का ते बघितलं का?

रानजाई
कुलूप होतं. एचटीटीपीएसही होतं.

तिरपागडा
कुलपाने फक्त एवढंच कळतं की तुम्ही आणि ती साइट यांच्या मधल्या वाटेवर कुणी ऐकत नाहीये. पलीकडे बसलेला सज्जन आहे की भामटा, याच्याशी त्या कुलपाचं काही देणंघेणं नाही. कुलूप दिसायला साइटला एक प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेने २०१५पासून ती प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली. वेबसाठी उत्तमच झालं, पण भामट्यांनाही ती फुकटच मिळाली. लोक कुलूप बघून निर्धास्त होतात हे लक्षात आल्यावर क्रोमने २०२३मध्ये आवृत्ती ११७पासून ते चिन्ह काढलं आणि तिथे सेटिंगसारखं साधं चिन्ह ठेवलं.

आणि कधीकधी दुकान प्रामाणिक असूनही नंबर फुटतो. ब्रिटिश एअरवेजचं २०१८चं प्रकरण आठवा. साइट खरी, कंपनी खरी, पण पैसे भरायच्या पानावर चोरांनी जेमतेम बावीस ओळींचा कोड घुसवला होता. ग्राहक चौकटीत नंबर टाकून बटण दाबायचा, पैसे रीतसर कंपनीला जायचे आणि नंबराची एक प्रत चोरांकडे. तिकीटही यायचं, त्यामुळे कुणाला संशय येण्याचं कारणच नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२०मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. असल्या चोरीपायीच पीसीआयच्या नव्या आवृत्तीत पैसे भरायच्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची नोंद आणि राखण सक्तीची झाली, ३१ मार्च २०२५पासून.

तेव्हा रानजाईंचा नंबर बॅगवाल्यानेच विकला असं छातीठोक म्हणता येणार नाही. दुसरीकडूनही फुटलेला असू शकतो. कार्ड मात्र दोन्ही बाबतीत बदलायचंच.

निंबोणी
माझं मत जरा वेगळं. बँकेत जाण्याआधी दुकानाला एक शेवटची संधी द्यावी. छोटे व्यावसायिकही असतात, कुरिअरवाले घोळ घालतात, आणि प्रत्येक चार्जबॅकचा, म्हणजे बँकेने दुकानाकडून पैसे परत खेचण्याचा, दंड दुकानाला बसतो. माझ्या बहिणीचं हाताने बनवलेल्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान आहे. माल मिळूनही "मिळाला नाही" म्हणणारी गिऱ्हाइकं तिने बघितलीयत.

कडूनिंब
निंबोणी, मुद्दा रास्त आहे. बँकही पहिला प्रश्न हाच विचारते की दुकानाशी बोललात का. पण संधी म्हणजे एक लेखी मेल, त्यात मुदत, आणि मुदत संपली की बँक. बाईंनी किती पत्रं लिहिलीत बघा. बदमाश दुकानाचं भांडवल वेळ हेच असतं. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादाला साधारण १२० दिवसांची मुदत असते. माल न मिळाल्यास ती माल यायला हवा होता त्या तारखेपासून धरतात. काही बँका स्वतःची मुदत त्याहून कमी ठेवतात. "थोडी कळ काढा" हे वाक्य त्या दिवसांचा हिशोब ठेवूनच लिहिलेलं असतं.

ते २० टक्के, ३० टक्केही त्याच जातीचं. एकदा "चालेल" लिहून दिलंत की दुकान बँकेला तीच मेल दाखवतं: तडजोड झालेली आहे. बहिणीच्या दुकानासारखं खरं दुकान कुरिअरकडे चौकशी लावतं, गिऱ्हाइकाशी टक्क्यांची घासाघीस करत नाही.

निंबोणी
हे पटलं. तिने कधी टक्के देऊ केल्याचं आठवत नाही. एकतर नवी वस्तू पाठवते किंवा सगळे पैसे परत.

पाणपोई
वाचनखूण साठवली आहे.

रानजाई, ट्रॅकिंगचं पान नुसतं "पोहोचवले" वाचून बंद करू नका. खाली तपशील उघडतो, त्यात बहुतेक वेळा पार्सलचं वजन असतं, कधी सहीही असते. माझ्या जावेच्या बाबतीत असंच झालं होतं. त्याच शहरात दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावर रिकामं पाकीट पाठवायचं आणि तो ट्रॅकिंग नंबर आपल्या गळ्यात मारायचा. शहर जुळतं, तारीख जुळते, बँकेचा कारकूनही फसतो. तिला कुरिअर कंपनीने लेखी दिलं की या नंबराचं पार्सल तुमच्या पत्त्यावर नोंदलेलंच नाही. दुसऱ्याचा पत्ता ते सांगत नाहीत, पण "तुमचा नाही" एवढं सांगतात, आणि तेवढं पुरतं.

रानजाई
पाणपोई, तुमचे किती आभार मानू! आत्ता तपशील उघडला. वजन ०.०५ किलो. पन्नास ग्रॅममध्ये चाकांची बॅग! चाकसुद्धा त्याहून जड असेल. दुकानाच्याच पानावर बॅगेचं वजन ३.२ किलो लिहिलंय.

शेवटचा_बाक
फुगवायची बॅग असेल.

तिरपागडा
रानजाई, दुकानाच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच काढा, वर पत्ता आणि तारीख दिसेल असा. उद्या ते पान जागेवर नसेल. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही ते साठवून ठेवा. तिथे तारखेसकट प्रत राहते आणि दुकानदाराला त्यात फेरफार करता येत नाही. परतीच्या अटींचं पान, ऑर्डरची मेल, चॅट, सगळं एका फोल्डरमध्ये.

फुरसत मिळाल्यावर हेही बघा. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी नोंदलं ते हूइज या नोंदी दाखवणाऱ्या सेवेवर कळतं. "वीस वर्षांचा विश्वास" लिहिणाऱ्याचं डोमेन कधीकधी दोन महिन्यांचं निघतं. मालाचा फोटो उलट शोधात (फोटोवरून फोटो शोधतात तिथे) टाकला तर तोच फोटो आणखी दहा नावांच्या दुकानांत सापडतो. "आमच्याविषयी" मधलं एखादं वाक्य उचलून शोधलं की तीच चोरी पुन्हा दिसते. दुकानाखालचे पंचतारांकित अभिप्राय मी वाचतच नाही, ते त्यांच्याच हातात असतात.

दूरदेशी_पाखरू
देशोदेशींचे कायदे वेगळे आहेत, धागा जगभरातून वाचला जातो म्हणून थोडक्यात लिहिते. मी ब्रिटनमध्ये आहे. इथे १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ आहे. १०० पौंडांपेक्षा महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतची वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली तर दुकानाइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार. हा कायद्याने मिळालेला हक्क आहे. चार्जबॅक हा कार्ड कंपन्यांचा आपसातला नियम. बँकेने चार्जबॅक नाकारला तरी कलम ७५ खाली वेगळा दावा लावता येतो, आणि फोनवरची माणसं हे आपणहून सांगत नाहीत!

अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट, तोही १९७४चाच. स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी कळवायचं. क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापरात ग्राहकाच्या डोक्यावर जास्तीत जास्त ५० डॉलर. डेबिट कार्डाला तिथे वेगळा कायदा आहे आणि कळवायला उशीर झाला तर ग्राहकाची जबाबदारी झपाट्याने वाढते.

भारतातल्या मंडळींसाठी: रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी गडबड केली, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर शून्य भार. चार ते सात दिवसांत कळवलंत तर मर्यादित. पण हे अनधिकृत व्यवहारासाठी आहे. स्वतः केलेल्या खरेदीचा माल आला नाही, त्याला हे लागू होत नाही. कडूनिंब यांचा दोन भांडणांचा मुद्दा इथेही येतोच.

फटकळ
म्हणजे डेबिट कार्ड वापरूच नये?

कडूनिंब
अनोळखी दुकानात तरी नको. क्रेडिट कार्डाचा वाद म्हणजे बँकेच्या पैशांवरचा वाद, डेबिटचा वाद म्हणजे तुमच्या पगारावरचा. निकाल लागेपर्यंत खातं रिकामं, घरभाडं तुंबलेलं. चार्जबॅक डेबिटलाही मिळतो, पण तोवर उसनवारी कोण करणार?

तिरपागडा
त्याहून बरं म्हणजे दुकानाला खरा नंबर देऊच नये. कित्येक बँका ॲपमधून एकदाच चालणारा आभासी नंबर देतात, त्यावर रकमेची मर्यादा घालता येते. ॲपल पे, गूगल पेसारख्या पाकिटातून कार्ड वापरलं तर दुकानाकडे टोकन जातं, म्हणजे तुमच्या नंबराच्या जागी वापरायचा दुसराच नंबर. तो चोरून दुसरीकडे उपयोग नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानांना खरा नंबर साठवायला मनाई आहे, टोकनच ठेवावं लागतं. परदेशातल्या दुकानाला अर्थात तो नियम बांधत नाही.

आणि बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन वापर, परदेशी वापर यांची बटणं असली तर एरवी बंद ठेवायची. खरेदीपुरती उघडायची. कंटाळवाणं आहे, पण मी करतो.

पाणपोई
एक राहिलं. त्या दुकानात खातं उघडताना जो पासवर्ड दिला असेल तोच ईमेललाही असेल तर आधी ईमेलचा बदला. कार्ड बँक बदलून देते, ईमेल हातची गेली तर सगळ्याच खात्यांच्या किल्ल्या गेल्या.

आणि दुकानाचा ग्राहक सेवा क्रमांक नेटवर शोधून फोन करू नका कुणी. वर येणारे कित्येक नंबर दुसऱ्याच टोळीचे असतात. ते अगदी सहानुभूतीने ऐकतात, मग परतावा "पाठवण्यासाठी" तुमची स्क्रीन त्यांना दाखवणारं ॲप घ्यायला लावतात किंवा पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ओटीपीही लागत नाही. आधीच पोळलेला माणूस या दुसऱ्या फेरीत हमखास सापडतो, कारण त्याला परताव्याची घाई झालेली असते.

रानजाई
ताजी खबर. कार्ड ब्लॉक केलं, नवं येतंय. बँकेतल्या मुलाने अपेक्षेप्रमाणे दोन्ही व्यवहार फ्रॉडखाली घालायला घेतले. कडूनिंब यांचा प्रतिसाद समोर उघडा ठेवूनच मी बोलत होते, त्यामुळे थांबवलं. आता दोन स्वतंत्र तक्रार क्रमांक मिळालेत.

आणि बँकेची सूचना दुकानाला पोहोचली असावी. तिकडून लगेच मेल: "आपण बँकेतली तक्रार मागे घ्या, आम्ही पूर्ण रक्कम त्वरित परत करतो." घ्यावी का?

कडूनिंब
मुळीच नाही. मागे घेतलेली तक्रार त्याच कारणासाठी सहसा पुन्हा उघडत नाही, हे दुकानाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. खरोखर द्यायचे असतील तर तक्रार चालू असतानाही देता येतात, किंवा चार्जबॅक मान्य करून गप्प बसता येतं. एका ओळीचं उत्तर द्या: "रक्कम खात्यात जमा झाली की बँकेला कळवेन." आणि त्यांची ही मेलही फोल्डरमध्ये. आयता पुरावाच दिलाय त्यांनी. माल पोहोचला असता तर पूर्ण रक्कम द्यायला कोण तयार होईल?

बँकेला पत्र लिहिताना गोष्ट सांगू नका. मनस्ताप किती झाला तेही नको. तिथे एका माणसाच्या टेबलावर अशा फाइली रचलेल्या असतात. साधारण असं लिहा:

"अमुक तारखेच्या अमुक रकमेच्या व्यवहारातील माल मला मिळालेला नाही. माल देण्याची तारीख अमुक होती. दुकानाला अमुक तारखांना लेखी कळवले. दुकानाने दिलेल्या ट्रॅकिंग क्रमांकावर पार्सलचे वजन ०.०५ किलो आहे, दुकानाच्या संकेतस्थळावर वस्तूचे वजन ३.२ किलो आहे. दोन्हीचे स्क्रीनशॉट आणि कुरिअर कंपनीचे पत्र जोडले आहे. अंशतः परतावा मी स्वीकारलेला नाही."

बस. शेवटचं वाक्य गाळू नका.

दूरदेशी_पाखरू
नव्या कार्डाबद्दल एक. नंबर बदलला म्हणजे सगळ्या नियमित वर्गण्या आपोआप तुटल्या असं समजू नका. व्हिसा, मास्टरकार्ड दोघांचीही अशी सेवा आहे की ज्यात नवा नंबर जुन्या दुकानांना परस्पर कळवला जातो, गिऱ्हाइकाची सोय म्हणून. माझी एक बंद करायची राहिलेली वर्गणी अशीच नव्या कार्डावर येऊन बसली होती. त्या बॅगवाल्याने कुठे सदस्यत्वाची बारीक अक्षरातली चौकट ठेवली असेल तर बँकेला स्पष्ट सांगा, या दुकानाला नवा नंबर द्यायचा नाही आणि पुढची कुठलीही मागणी मंजूर करायची नाही.

रानजाई
अरे देवा. ऑर्डरची मेल पुन्हा उघडून बघितली. तळाशी फिकट अक्षरात "व्हीआयपी सदस्यता, पहिला महिना मोफत" असं आहे! बँकेला आत्ताच लेखी कळवते.

तिरपागडा
सदस्यत्व रद्द केल्याची मेल दुकानालाही पाठवा. उत्तर येणार नाही, पण तारीख नोंदली जाईल. रद्द करूनही कापलं तर त्याला व्हिसाचं वेगळं कारण आहे, १३.२.

रानजाई
कुरिअरचं पत्र आलं: सदर क्रमांकाचे पार्सल आपल्या पत्त्यावर वितरित झालेले नाही. बँकेला पाठवलं. बॅगेची रक्कम बँकेने तात्पुरती जमा केलीय. सगळ्यांचे मनापासून आभार!

कडूनिंब
छान. पण "तात्पुरती" हा शब्द नीट वाचा. दुकानाला उत्तर द्यायची मुदत असते आणि ते त्या ट्रॅकिंगचाच कागद पुढे करणार. तसं झालं तर बँक तुमच्याकडे पुन्हा खुलासा मागेल, त्या पत्राला वेळेत उत्तर द्या, नाहीतर रक्कम उलट वळती होते. केस बंद झाल्याचं लेखी येईपर्यंत ते पैसे खर्चात धरू नका.

आणि तो किरकोळ व्यवहार? त्याची तक्रार वेगळी आहे, तिचं काय झालं ते नाही लिहिलंत.

रानजाई
तो अजून "चौकशी सुरू" असाच दिसतोय. उद्या फोन करून विचारते.